पाझरणारा माठ आणि उणे १६२ अंशांचं जहाज

मे महिन्यात आमच्याकडे पाहुणा आला की तो आधी माठाकडे जातो, मग ओट्यावर टेकतो. तापीकाठी, शिरपूरच्या बाजूला घर. पारा ४५च्या पुढे सरकला की फ्रिजचं पाणी दातांना लागतं आणि तहान मात्र तशीच राहते. माठाचंच पाणी हवं.

यंदा भाचा सुट्टीवर आला होता. तो एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, वाहून नेणाऱ्या जहाजावर इंजिनियर आहे. दोन पेले पाणी घटाघट प्यायला, माठाच्या ओल्या पोटावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "मामा, आमचं जहाज म्हणजे हेच आहे. फक्त आमचा माठ तीनशे मीटर लांबीचा."

मी आयुष्यभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं. 'बाष्पीभवनामुळे थंडावा निर्माण होतो' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. पण त्याच वाक्यावर सत्तर-पंचाहत्तर हजार टन माल समुद्र पार करतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढचे चार दिवस मी त्याला प्रश्न विचारून भंडावलं. त्यातून जे हाती लागलं ते हे.

कुणी म्हणेल, खान्देशात समुद्र कुठे? समुद्र नाही, पण आमच्या नद्या कुठे जातात ते बघा. तापी भुसावळ, शिरपूर, प्रकाशा करत सुरतला पोचते. तिच्या मुखाशी हजिरा. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेकडून सातपुड्याला घासून नर्मदा जाते. तिच्या मुखाशी दहेज. ही दोन्ही ठिकाणं म्हणजे भारतातली एलएनजी उतरवून घ्यायची पहिली दोन टर्मिनलं. दहेज २००४चं, हजिरा २००५चं. सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये निम्मा खान्देश राहतो असं आपण म्हणतो. त्यातल्या कित्येकांच्या घरापासून हजिऱ्याचा धक्का तासाभराच्या अंतरावर आहे.

आता मूळ गोष्ट. नैसर्गिक वायू म्हणजे बहुतांशी मिथेन. तो उणे १६२ अंश सेल्सियसला थंड केला की द्रव होतो आणि त्याचं आकारमान साधारण ६०० पटीने कमी होतं. दहा बाय बाराच्या खोलीत छतापर्यंत भरलेला वायू एका रांजणात मावतो म्हणा. जहाजातून वायू न्यायचा तर हे करावंच लागतं, नाहीतर एवढी हवा वाहून नेणार कोण?

इथे माझ्या पोरांचा हमखास प्रश्न यायचा: सर, घरच्या सिलिंडरमध्येही गॅस पातळच असतो. तो कुठे उणे १६२ ला ठेवतात? उन्हात ट्रकवर पडलेला असतो. बरोबर आहे. पण घरचा गॅस वेगळा. तो प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. नुसता दाब दिला की आपल्या मे महिन्यातही मुकाट्याने पातळ राहतो. मिथेनचं तसं नाही. उणे ८२ अंशांच्या वर मिथेन असेल तर त्याला कितीही दाबा, तो द्रव होत नाही. सीएनजीच्या टाकीत २०० पट दाबाने कोंबलेला असतो, तरी असतो वायूच. म्हणजे मिथेनपुढे एकच वाट: गारठवायचं आणि गारच ठेवायचं.

पण गार ठेवतं कोण? मला वाटलं होतं, जहाजात केवढा तरी मोठा फ्रिज असेल. बहुतेक जहाजांच्या टाक्यांना तसा काही फ्रिज नसतो. असतो तो थर्मास. टाकीभोवती इन्सुलेशनचे जाड थर, आणि त्यापलीकडे जहाजाचं पोलाद. बाहेर अरबी समुद्राचं पाणी तीस अंशांचं, आत उणे १६२. जवळजवळ १९० अंशांचा फरक. इतक्या फरकाला पूर्ण थोपवणारा थर्मास अजून कुणी बनवलेला नाही. थोडी थोडी उष्णता आत झिरपतेच.

आणि ती झिरपली की द्रव तापत नाही, उकळतो. उकळताना जो भाग वाफ होऊन उडतो तो आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातो, म्हणून उरलेला जिथल्या तिथे, उणे १६२ ला राहतो. चुलीवरचं पाणी उकळायला लागलं की कितीही जाळ घाला, शंभराच्या वर चढत नाही. तसंच हे, फक्त शंभराच्या जागी उणे १६२ आणि जाळाच्या जागी समुद्राचं कोमट पाणी. माठही हेच करतो. बाहेर पाझरलेलं पाणी उडतं, जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. जुना माठ क्षारांनी बुजला, पाझरायचा बंद झाला, की त्यातलं पाणी गार होत नाही हे घरच्या बाईला सांगावं लागत नाही. ती गुढीपाडव्याला नवा माठ आणते. (माठ आणि टाकीत एक फरक आहे, तोही सांगून टाकतो. माठातलं पाणी उकळत नसतं, ते कोरड्या हवेत नुसतं सुकतं. म्हणून जळगावात माठ चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत रुसतो. टाकीला हवेच्या कोरडेपणाशी घेणंदेणं नाही.)

या उडणाऱ्या वाफेला जहाजावर बॉइल-ऑफ म्हणतात. बाहेरच्याला ती गळती वाटते, नुकसान वाटतं. मलाही आधी तसंच वाटलं. पण ती वाफ हीच त्या जहाजाची थंडाव्याची यंत्रणा आहे. ती अडवली तर माल तापेल. प्रश्न एवढाच की उडालेल्या वाफेचं करायचं काय.

अडवली तर काय होतं, हे समजायला समुद्रावर जायची गरज नाही. गावात ढोरांचे डॉक्टर येतात ना, कृत्रिम रेतनाला? मोटरसायकलला अडकवलेलं अॅल्युमिनियमचं एक गुबगुबीत भांडं असतं. त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन, आणि त्यात बुडवलेल्या वीर्याच्या रंगीत कांड्या. झाकण उघडलं की पांढरा धूर काठावरून खाली ओघळतो. वर नाही चढत, खाली उतरतो, कारण गार हवा जड. पोरं त्या धुरात बोटं घालायला धावतात. एकदा आमच्या गोठ्यात एका उत्साही पोराने मदत म्हणून ते बूच जोर लावून बसवायला घेतलं. डॉक्टरांनी त्याचा हात धरला. "घट्ट नाही बसवायचं, बाळा. नुसतं ठेवायचं." ते बूच मुद्दामच सैल असतं. आतला नायट्रोजन सतत थोडा थोडा उडत असतो आणि त्याला बाहेर पडायला फट लागते. द्रव नायट्रोजनचा वायू झाला तर सातशे पट फुगतो. फट बुजवली तर ते भांडं म्हणजे बॉम्ब. आणि उडत राहतो म्हणूनच कांड्या गार राहतात. म्हणून दर काही दिवसांनी त्यात भर घालावी लागते. मिथेनच्या जहाजाचं सगळं शास्त्र त्या सैल बुचात आहे. फरक इतकाच: नायट्रोजन हवेत सोडला तर कुणाचं काही बिघडत नाही, हवा मुळात पाऊणहून जास्त नायट्रोजनच आहे. मिथेन मात्र असा मोकळा सोडता येत नाही.

किती उडतं? थोडं गणित करू, मास्तरची खोड. हल्लीच्या मोठ्या जहाजात १,७४,००० घनमीटर एलएनजी मावतं, चार टाक्यांत. वजनाने साधारण ७७ हजार टन. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरशी नुसतं वजन ताडून पाहिलं तर ५४ लाख सिलिंडर. जुन्या जहाजांत दिवसाला ०.१५ टक्के माल उडायचा. नव्यांत हे प्रमाण ०.१ च्याही खाली, ०.०८५ पर्यंत आलं आहे. हिशेबाला सोपा म्हणून ०.१ धरू. दिवसाला १७४ घनमीटर द्रव, म्हणजे पाऊणशे टनांहून थोडा जास्त, म्हणजे साडेपाच हजार सिलिंडर. रोज. वायूच्या रूपात मोजलं तर एक लाख घनमीटर.

आकडा ऐकून आई म्हणाली, बापरे. पण आता दुसऱ्या बाजूने बघा. एक किलो मिथेन उडवायला साधारण ५१० किलोज्यूल उष्णता लागते. त्यावरून त्या अख्ख्या जहाजात बाहेरून किती उष्णता शिरते ते काढलं, तर उत्तर येतं ४६० किलोवॅटच्या आसपास. घरच्या आंघोळीचे दोन किलोवॅटचे गीझर धरले तर २३० गीझर. तीनशे मीटर लांब जहाज, सगळीकडून कोमट पाण्याने वेढलेलं, आत १९० अंश जास्त थंडी, आणि आत शिरते ती एका बऱ्यापैकी सोसायटीच्या गीझरांइतकी उष्णता. मला हा आकडा साडेपाच हजार सिलिंडरांपेक्षा जास्त थक्क करणारा वाटला. थर्मास बनवणाऱ्याला सलाम.

त्या थर्मासबद्दल दोन शब्द. टाक्या दोन घराण्यांच्या. एक नॉर्वेची, जहाजावर चार-पाच प्रचंड घुमट दिसतात ती, अॅल्युमिनियमच्या गोल टाक्यांची. दुसरी पडद्याची, म्हणजे मेम्ब्रेनची. आज हीच जास्त. मेम्ब्रेन टाकीला स्वतःची ताकद अशी नसते. जहाजाच्या पोटाला आतून इन्सुलेशन, आणि त्यावर धातूचा पातळ पत्रा. एका प्रकारात तो पत्रा ०.७ मिलिमीटरचा असतो! इन्व्हार नावाचा मिश्रधातू, लोखंडात ३६ टक्के निकेल. त्याचा गुण असा की गारठ्याने तो जवळपास आकसतच नाही. (या धातूच्या शोधासाठी गियोम यांना १९२० साली नोबेल मिळालं, घड्याळाच्या लंबकासाठी मोलाचा ठरलेला धातू गॅसच्या जहाजात जाऊन बसेल असं त्यांना तरी कुठे वाटलं असेल.) दुसऱ्या प्रकारात स्टेनलेस स्टीलचा पत्रा असतो, तो आकसतो, म्हणून त्याला आधीच लाटांसारख्या घड्या घालून ठेवतात. आकसताना घडी उलगडते, पत्रा फाटत नाही.

असा पातळ पत्रा आणि सपाट भिंती म्हटल्यावर टाकीला दाब सोसवत नाही हे उघड आहे. सायकलच्या ट्यूबमध्ये असतो त्याच्या कितीतरी कमी दाबाला, हवेच्या दाबापेक्षा जेमतेम पाव पट जास्त झालं की, टाकीच्या सुरक्षा झडपा उघडतात. प्रेशर कुकरची शिट्टी याहून जास्त दाबाला होते. आणि दाब हवेपेक्षा कमीही होऊ द्यायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा आत शिरेल आणि मिथेनमध्ये हवा मिसळणं म्हणजे नसती आफत. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीची वाट बघणारं मिश्रण तयार होतं. तर दाबाची ही चिंचोळी पट्टी सांभाळणं हेच भाच्याचं चोवीस तासांचं काम.

आई इतका वेळ कैऱ्या चिरत ऐकत होती. तिने मुद्द्यावर बोट ठेवलं. "मंग ती वाफ कोठे जास रे भाऊ?"

"इंजिनात जाळतो, आजी. तिच्यावरच जहाज चालतं."

खरंच एवढं सरळ आहे. जो माल उडणारच, तोच इंधन. एलएनजीचा व्यापार १९६४ पासून सुरू आहे, अल्जीरियाहून इंग्लंडला. त्याआधी १९५९ साली 'मिथेन पायोनियर' नावाच्या जहाजाने अमेरिकेतून इंग्लंडला पहिली खेप नेऊन दाखवली होती. पुढची चाळीसेक वर्षं ही जहाजं पाण्याच्या वाफेच्या टर्बाइनवर चालली. बाकीची मालवाहू जहाजं केव्हाच डिझेलवर गेली होती, भुसावळच्या शेडमधून वाफेची इंजिनं कधीच गेली होती, आणि एलएनजीची नवीकोरी जहाजं मात्र बॉयलर घेऊनच पाण्यात उतरत होती. मागासलेपणा म्हणून नव्हे. बॉयलरला काहीही चालतं. तेल जाळा, गॅस जाळा, दोन्ही मिसळून जाळा. गॅस आज कमी आला, उद्या जास्त आला, तरी तक्रार नाही. जहाज थांबलेलं असेल आणि गॅस उडतच असेल तर बॉयलरमध्ये जाळायचा, झालेली वाफ थेट कंडेन्सरला, म्हणजे तिचं परत पाणी करणाऱ्या यंत्राला, द्यायची, उष्णता समुद्रात सोडून द्यायची. कतारच्या रास लफानहून दहेजला पहिली खेप घेऊन २००४ साली आलेलं 'दिशा' हे १,३८,००० घनमीटरचं जहाजही वाफेवरचंच. प्रवास तीन-चार दिवसांचा, म्हणजे वाटेत अर्धा टक्का माल उडणार आणि त्यावर जहाज चालणार.

वाफ टाकीतून इंजिनापर्यंत कशी जाते ते भाच्याने पाटावर खडूने काढून दाखवलं. चारही टाक्यांच्या माथ्यावरून एक जाड पाइप जातो. उडालेला वायू त्यात गोळा होतो. सोबत द्रवाचे तुषार आले असतील तर ते वाटेत वेगळे काढतात, कारण पुढच्या कॉम्प्रेसरला थेंब सोसत नाहीत. कॉम्प्रेसर त्याला ढकलतो. मग हीटर. इथे मी थांबवलं: एवढ्या कष्टाने गार ठेवलेला गॅस तापवायचा कशाला? दोन कारणं. एक, इंजिनरूमचे पाइप साधे, गारठ्याने ठिसूळ होतील. दुसरं जास्त मोलाचं: मिथेन हवेपेक्षा हलका, पण तो गार असताना नाही. साधारण उणे ११० अंशांच्या खाली तो हवेपेक्षा जड असतो, डॉक्टरांच्या भांड्यातल्या धुरासारखा खाली बसतो. तापवला की हलका होतो. चुकून सुटला तर वर जातो, पंख्याने ओढून बाहेर टाकता येतो. घरच्या सिलिंडरचा गॅस तापवला तरी जडच राहतो, जमिनीलगत साचतो. म्हणून मालातून उडालेला वायू इंजिनरूममध्ये जाळायची मुभा जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी आधी दिली ती मिथेनलाच.

इंजिनरूममधला गॅसचा पाइप पाइपातला पाइप असतो. आतल्यात गॅस, बाहेरच्यात एकतर सतत खेळती हवा किंवा नायट्रोजन, आणि जागोजागी गॅस हुंगणारे यंत्र. यंत्रच हवं, कारण आपल्याला येतो तो गॅसचा वास मागाहून मिसळलेला असतो. जहाजातल्या मिथेनला काहीच वास नसतो.

बॉयलरचं एकच दुखणं, ते खादाड. शंभरातलं तीसच्या आसपास कामाला यायचं, बाकी समुद्रात. या शतकाच्या सुरुवातीला डिझेल आणि गॅस दोन्हींवर चालणारी इंजिनं आली. गॅस पेटवायला चिमूटभर डिझेलची फवारणी, बाकी सगळा गॅस. मग त्याच जातीची संथ फिरणारी दोन-स्ट्रोक इंजिनं आली, जी शंभरातलं पन्नासच्या आसपास वसूल करतात. त्यातही दोन पंथ आहेत: एक इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शेवटच्या क्षणी ३०० बारच्या, म्हणजे हवेच्या साधारण ३०० पट, दाबाने गॅस घुसवणारा, दुसरा आधीच कमी दाबाने हवेत मिसळून घेणारा. पहिल्याला कॉम्प्रेसर महागडा लागतो, दुसऱ्यातून न जळलेला थोडा मिथेन धुराड्याने निसटतो. भाचा दुसऱ्या पंथाच्या जहाजावर आहे आणि पहिल्याची तारीफ करतो.

आता गंमत बघा. इंजिन सुधारलं, गॅस कमी लागू लागला. पण टाकीला इंजिनाशी काय देणंघेणं? ती आपली उष्णता घेते आणि वाफ सोडते. म्हणजे जुन्या जहाजाला उडालेला गॅस पुरायचा नाही, वरून तेल जाळावं लागायचं. नव्या जहाजाला हळू जाताना तो उरायला लागला. इन्सुलेशन सुधारायची घाई झाली त्यामागे मालाची काळजी जेवढी, तेवढंच हे उरणं.

कमी पडला तर उपाय सोपा: टाकीत छोटा पंप असतो, त्याने थोडा द्रव उचलायचा, तापवून मुद्दाम उडवायचा. याला ते फोर्स्ड बॉइल-ऑफ म्हणतात. गॅस महाग आणि तेल स्वस्त असेल तर हे करायचं का, हे इंजिनियर ठरवत नाही, किनाऱ्यावर बसलेला हिशेबवाला ठरवतो.

"आनी जहाज थांबी गयं ते?" आईचा पुढचा प्रश्न, आणि हा खरा अवघड.

जहाज थांबतं. धक्का मोकळा नसतो, टर्मिनलच्या टाक्या भरलेल्या असतात. २०२२च्या हिवाळ्याच्या तोंडावर स्पेनच्या किनाऱ्याबाहेर एलएनजीची कितीतरी जहाजं माल पोटात घेऊन ताटकळत होती. इंजिन बंद, पण टाकी चालूच. जहाजावरचे दिवे, पंखे, स्वयंपाकघर चालवायला थोडा गॅस लागतो, बाकीच्याचं काय?

पहिला उपाय, दाब थोडा वाढू द्यायचा. त्या चिंचोळ्या पट्टीत जितकी जागा असेल तितकी. यात काही दिवसांची उसंत मिळते, पण वाढलेल्या दाबाबरोबर मालही किंचित तापतो, आणि उतरवून घेणाऱ्या टर्मिनलला तापलेला माल नको असतो.

दुसरा उपाय, वाफ पुन्हा गारठवून द्रव करायची आणि टाकीत परत सोडायची. ऐकायला फार छान. पण माझ्यातला मास्तर इथे जागा होतो: उष्णता उणे १६२ वरून उपसून तीस अंशांच्या समुद्रात टाकायची म्हणजे विहीर खोल. निसर्गाच्या नियमाने, एकही दोष नसलेल्या आदर्श यंत्रालाही उपसलेल्या उष्णतेच्या पावणेदोन पट काम करावं लागतं. खऱ्या यंत्राला त्याच्या कितीतरी जास्त. ते ४६० किलोवॅट परतवायला काही हजार किलोवॅट विजेचं यंत्र लागतं, आणि ती वीज करायला गॅस जाळायचा. म्हणून बहुतेक जहाजं वर्षानुवर्षं या भानगडीत पडली नाहीत. कतारने २००७-०८ च्या सुमाराला जी अजस्र जहाजं बांधली, सर्वांत मोठी २,६६,००० घनमीटरची, त्यांनी मात्र उलटा विचार केला: इंजिन साधं डिझेलचं ठेवू आणि उडालेला सगळा गॅस परत द्रव करून टाकीत घालू. माल पूर्ण पोचवायचा. आता नव्या जहाजांत मधली वाट निघाली आहे. इंजिनाला हवा तेवढा जाळायचा, उरलेलाच परतवायचा, आणि परतवताना टाकीतून इंजिनाकडे निघालेल्या गार वाफेच्या गारव्याचाही उपयोग करून घ्यायचा. हे मला पटतं. फुकट मिळालेली थंडी फुकट घालवायची नाही.

तिसरा उपाय म्हणजे भट्टी. गॅस कम्बशन युनिट म्हणतात तिला. उरलेला गॅस तिच्यात नुसता जाळून टाकायचा. काही काम नाही, वीज नाही, नुसता गरम धूर. भाचा म्हणतो, भट्टी पेटली की जहाजावरचा प्रत्येक जण मनातल्या मनात पैसे मोजायला लागतो. तरी ती पेटवतात, कारण चौथा उपाय, म्हणजे डोलकाठीसारख्या उभ्या असलेल्या उंच नळीतून गॅस हवेत सोडून देणं, हा फक्त जीव धोक्यात असेल तेव्हाचा. दाब आटोक्यात ठेवायचा नेहमीचा मार्ग म्हणून नियमांना तो मान्य नाही. आगीचा धोका आहेच, पण दुसरंही आहे: शंभर वर्षांच्या हिशेबात एक टन मिथेन पृथ्वीला २८ टन कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. जाळला तर त्याचा पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड होतो. वाईट आणि फार वाईट यांतली निवड आहे ती.

काही बारीकसारीक गोष्टी राहिल्या, ज्या मला सगळ्यांत जास्त आवडल्या. वादळ येतं तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब उतरतो. टाकीतला दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत सांभाळला जात असेल, तर बाहेरचा दाब उतरला की आतलाही उतरवला जातो, आणि दाब उतरला की द्रव जास्त उकळतो. त्यातच लाटांनी टाकीतला माल डचमळतो, घुसळणीची उष्णता वेगळी. म्हणजे ज्या दिवशी जहाजाचा वेग कमी करावा लागतो, नेमका त्याच दिवशी गॅस जास्त उडतो. दुष्काळात तेरावा महिना.

आणि उडणारी वाफ म्हणजे मालाचा हुबेहूब नमुनाही नव्हे. एलएनजीमध्ये थोडा नायट्रोजन असतो, तो सर्वांत आधी निघतो. द्रवात एक टक्का असला तरी सुरुवातीच्या वाफेत तो वीस टक्क्यांच्या आसपास असू शकतो, आणि नायट्रोजन काही जळत नाही. म्हणून पहिले दिवस इंजिनाला पाणचट गॅस मिळतो. मग मिथेन. इथेन, प्रोपेन ही जड मंडळी मागे राहतात. दूध आटवल्यावर मागे दाटपणा राहतो तसा लांबच्या प्रवासात माल किंचित दाट, किंचित जास्त उष्मांकाचा होत जातो. म्हणून व्यवहारात नुसते घनमीटर मोजत नाहीत, आत ऊर्जा किती ते मोजतात. आमच्या डेअरीवर फॅट लावतात, अगदी तसं.

दाट-पातळ माल एकाच टाकीत नीट न मिसळता थरांनी बसला तर वेगळाच धोका. खालचा थर कोंडल्यासारखा तापत राहतो, तापून हलका होतो, वरच्याच्या तोलाचा झाला की दोन्ही थर अचानक उलथेपालथे होतात आणि कोंडलेली वाफ एकदम सुटते. १९७१ साली इटलीत ला स्पेझियाच्या किनाऱ्यावरच्या टाकीत असं झालं. जहाजातून भरलेला माल टाकीतल्या जुन्या मालाखाली जाऊन बसला आणि काही तासांनी टाकीने तासन् तास गॅस ओकला. तेव्हापासून टाकीत वरून भरायचं की खालून, हे मालाचा दाटपणा बघून ठरवतात.

दहेजला जहाज लागलं की चित्र उलटं होतं. पंप द्रव उपसून किनाऱ्यावर देतात. टाकी रिकामी होताना आत पोकळी व्हायला नको, म्हणून किनाऱ्यावरून वाफ परत जहाजात घेतात. भरताना याच्या उलट: कतारला टाकीत द्रव शिरतो तशी आतली वाफ बाहेर ढकलली जाते, ती मोठ्या कॉम्प्रेसरने किनाऱ्याला परत देतात. भरणंही काठोकाठ नाही, साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत. वाफेला डोकं वर काढायला जागा लागते.

"म्हणजे जाताना रिकामंच जातं?" मी विचारलं.

"नाही मामा. तळाला थोडा माल मुद्दाम ठेवतो. हील म्हणतात त्याला."

रिकाम्या टाकीचा पत्रा परतीच्या वाटेत तापला, आणि त्यावर कतारला एकदम उणे १६२ चा माल ओतला, तर काचेच्या गार पेल्यात उकळता चहा ओतल्यासारखं होईल. शिवाय पहिला बराच माल तापलेल्या पत्र्यावर पडून उडूनच जाईल. म्हणून भरण्याआधी टाकी साधारण उणे १३० पर्यंत गार असावी लागते. तळाला ठेवलेल्या मालातून थोडा थोडा पंपाने उचलून टाकीच्या छताजवळच्या नळ्यांमधून फवारतात. फवारा उडतो, टाकी गार होते, आणि उडालेल्या वायूवर जहाज घरची वाट धरतं.

आई हसली. "म्हनजे इरजन ठेवतस!"

"हो आजी, विरजणच. सगळं दही खाऊन टाकलं तर उद्या कशात लावणार?"

"आनी किती ठेवतस?"

तिथे तो जरा अडखळला, कारण नेमका तोच हिशेब त्याला दर खेपेला करावा लागतो. परतीचा प्रवास तीन दिवसांचा की तीन आठवड्यांचा, समुद्र कसा असेल, पुढच्या धक्क्यावर थांबावं लागेल का. जास्त ठेवलं तर विकता आला असता तो माल उगाच फिरवून आणला. कमी ठेवलं तर टाकी तापते, मग भरण्याआधी ती गार करण्यात धक्क्यावर तास न् तास जातात आणि तिथलं भाडं घड्याळ बघून चढतं. अर्धी टाकीही ठेवता येत नाही, डचमळून भिंतीला धडका बसतात. ठेवायचं तर तळाशी, बोटभर. जहाजाच्या मापाने बोटभर म्हणजे हजार-दोन हजार घनमीटर.